नॉट इनच्या यादीत नल शिरला की

एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक मला एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा) शोधायचे होते. ग्राहक टेबलातले जे आयडी ऑर्डर टेबलात नाहीत ते काढायचे, म्हणून 'नॉट इन' (यादीत नसलेले) लिहिलं आणि यादीसाठी आत सबक्वेरी, म्हणजे दुसरी क्वेरी, दिली. उत्तरात शून्य ओळी. एरर नाही, वॉर्निंग नाही, त्यामुळे मी ते खरं धरून रिपोर्ट पाठवून दिला. चूक दोन दिवसांनी सापडली: ऑर्डर टेबलातल्या एकाच ओळीत ग्राहक-आयडी नल होता.

नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामी स्ट्रिंगही नव्हे. (ऑरेकल हा डेटाबेस मात्र रिकामी स्ट्रिंग नलच धरतं, तिथे जपून.) नल म्हणजे किंमत माहीत नाही. म्हणून ५ = नल हे खरंही नाही, खोटंही नाही; ते 'अननोन'. नल = नल हेसुद्धा अननोनच. आणि 'व्हेअर' (क्वेरीतली ओळी निवडायची अट) फक्त खऱ्या ठरलेल्या ओळी ठेवतं.

आता ७ नॉट इन (३, नल) उलगडून बघा (<> म्हणजे 'च्या समान नाही'): ७ <> ३ अँड ७ <> नल. पहिलं खरं, दुसरं अननोन, दोन्ही मिळून अननोन. ओळ गळाली. ३ तर यादीतच आहे, म्हणून तोही गेला. एक नल असला की कुठलाच आयडी उत्तरात उरत नाही.

म्हणून सबक्वेरी असेल तिथे 'नॉट एक्झिस्ट्स' लिहा. त्यात फक्त जुळणारी ओळ सापडते की नाही एवढंच बघितलं जातं, त्यामुळे नल आडवा येत नाही. नॉट इनच ठेवायचं असेल तर आत 'ग्राहक-आयडी इज नॉट नल' ही अट घाला.

स्थिती <> 'रद्द' या साध्या अटीतही हेच होतं: स्थिती न भरलेल्या ओळी गायब. त्या हव्या असतील तर 'ऑर स्थिती इज नल' जोडा. पोस्टग्रेसमध्ये आणि एसक्यूएल सर्व्हर २०२२ पासून 'इज डिस्टिंक्ट फ्रॉम' (नललाही एक किंमत धरून 'वेगळं आहे का' तपासणारं) चालतं; मायएसक्यूएलमध्ये <=> (नलही चालणारी बरोबरी) वापरून त्यापुढे नॉट लावा. कोअलेस या फंक्शनने नलच्या जागी खोटी किंमत भरणं मला पटत नाही, कारण उद्या तीच किंमत खरी म्हणून डेटात येऊ शकते.

'चेक' कन्स्ट्रेंटचं (टेबलात काय भरता येईल यावरची अट) वागणं उलटं आहे: तिथे अननोन पास होतं. किंमत > ० असा चेक लावला तरी नल आत शिरतो, म्हणून सोबत 'नॉट नल' लावाच.

नल किती आहेत हे आधी बघायचं तर काउंट(*) मधून काउंट(ग्राहक-आयडी) वजा करा. कॉलमचा काउंट नल मोजत नाही.