मानवाकृतीचे रेखाटन : तोलाच्या या चुका टाळा

मानवाकृती काढायला शिकणारे बहुतेक जण चेहऱ्यापासून सुरुवात करतात आणि उरलेल्या कागदात धड व हातपाय कसेबसे बसवतात. परिणामी डोके मोठे होते आणि पावलांना जागाच उरत नाही. उभ्या प्रौढ व्यक्तीची उंची तिच्या डोक्याच्या साधारण ७.५ पट असते आणि शरीराचा मध्य बेंबीच्या बराच खाली, जांघांपाशी येतो, हे लक्षात ठेवून माथा, मध्य आणि टाचा यांच्या खुणा आधी कराव्यात. प्रमाणाची चूक अशी मोजून सापडते. तोलाची चूक मात्र सुबक छायांकनाखाली झाकली जाते, म्हणून ती अधिक घातक.

हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालू असताना एका पायावर भार देऊन उभी असलेली माणसे न्याहाळावीत. भार घेणाऱ्या पायाच्या बाजूला कंबर वर उचलली जाते, त्याच बाजूचा खांदा बहुधा खाली येतो आणि गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा, म्हणजे सरळ खाली जाणारी उभी रेषा, त्या पावलाजवळ उतरतो. नवशिका खांदे आणि कंबर यांच्या रेषा समांतर काढतो, त्यामुळे आकृती कलंडलेली दिसते. पेन्सिल डोळ्यांसमोर उभी धरून ओळंबा पाहावा आणि तो चुकत असेल, तर पाय सरळ खोडून नव्याने काढावा. धडावरचे छायांकन साधले आहे म्हणून जीव अडकवू नये.

मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे दोरांनी किनाऱ्याकडे ओढायचे मोठे जाळे, ओढली जाते, तेव्हा हाच नियम अपुरा पडतो. दोर ओढणारे इतके मागे रेललेले असतात की ओळंबा टाचांमागच्या वाळूत पडतो, आणि चूक झाली असे वाटून अनेक जण त्यांना सरळ उभे करतात. वास्तविक त्यांचा तोल दोराच्या ताणाने सावरलेला असतो. म्हणून ताणलेला दोर आधी काढावा, मग हात, पाठ आणि टाच त्याच्या ओढीनुसार जोडावीत; दोर सैल दाखवला, तर तोच माणूस पडताना दिसेल.

लुगड्याच्या किंवा लुंगीच्या चुण्या गुडघा, कंबर अशा ताणाच्या जागांपासून निघतात, तेव्हा आतला पाय फिकट रेषेत आधी हवा.

कागद मांडीवर सपाट ठेवल्यास वरचा भाग नजरेला आखूड दिसतो आणि आकृती नकळत लांबट होते. बोर्ड तिरपा धरावा. मोबाइलच्या छायाचित्रावरून काढणे भागच असेल, तर ते दुरून घ्यावे, कारण जवळून टिपल्यास पुढे आलेला हात अवास्तव मोठा येतो.