कंपनीच्या नावावरचा मोबाइल क्रमांक पोर्ट होत नसेल तर: माझा अनुभव

आमच्या भागीदारी पेढीच्या नावावर असलेले क्रमांक दुसऱ्या मोबाइल कंपनीकडे नेताना (म्हणजे पोर्ट करताना) १९०० वर संदेश पाठवला की आठ अक्षरी पोर्टिंग कोड लगेच येत असे, मात्र अर्ज पुढे दर वेळी फेटाळला जाई आणि कारण ‘अधिकारपत्र अमान्य’ (म्हणजे क्रमांक नेण्यास पेढीची संमती देणारे पत्र अमान्य) एवढेच कळे. नवा कोड घेणे, दुकान बदलणे, एका भागीदाराचे आधार जोडणे, यांपैकी कशाचाही उपयोग झाला नाही. ग्राहकांचे फोन ज्या क्रमांकावर येतात तोच अडकून पडल्याने जीव मेटाकुटीला आला होता.

खरी अडचण अशी होती की जुन्या कंपनीच्या नोंदीत अधिकृत स्वाक्षरीकर्ता म्हणून निवृत्त भागीदाराचेच नाव होते आणि अधिकारपत्रावरची सही त्या नोंदीशी ताडून पाहिली जाते.

म्हणून आधी जुन्या कंपनीला भागीदारांच्या ठरावाची प्रत देऊन स्वाक्षरीकर्ता बदलून घेतला व तशी लेखी पोच मागितली. मग मुदत उलटलेले बिल भरले. त्यानंतर लेटरहेडवर सर्व क्रमांक लिहून, नव्या स्वाक्षरीकर्त्याची सही आणि पेढीचा शिक्का असलेले अधिकारपत्र तयार केले; एका पत्रात शंभरपर्यंत क्रमांक चालतात. कोड मात्र सर्वांत शेवटी, प्रत्येक सिमवरून ‘पोर्ट’, मोकळी जागा आणि क्रमांक असा इंग्रजी अक्षरांतला संदेश पाठवून मागवला, कारण महाराष्ट्रात तो चारच दिवस वैध असतो. अर्ज त्याच दिवशी दिला आणि या वेळी सर्व क्रमांक पोर्ट झाले.