हॉट रॉडच्या पेट्रोलच्या नळ्या: खरेदीपासून पहिल्या स्टार्टपर्यंतची तयारी

हॉट रॉड म्हणजे जुन्या गाडीत ताकदवान इंजिन बसवून सजवलेली गाडी. तिच्यासाठी नळी विकत घ्यायच्या आधी आपल्या इंजिनाला पेट्रोल किती दाबाने लागतं, हे एका कागदावर लिहून ठेवा. पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं. स्ट्रॉमबर्ग ९७ सारख्या जुन्या कार्ब्युरेटरला सुमारे २.५ पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड दाब) पुरतो. त्याहून जास्त दाब दिला की सुईची व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि पेट्रोल उतू जातं. हॉलीच्या चार बॅरलच्या कार्ब्युरेटरला ५ ते ७ पीएसआय लागतो. फ्युएल इंजेक्शन असेल तर गोष्ट ४० ते ६० पीएसआयवर जाते. जनरल मोटर्सच्या एलएस इंजिनांचा नेहमीचा आकडा ५८ आहे. कार्ब्युरेटरच्या नळीला चीर पडली तर थेंब गळतात. इंजेक्शनच्या नळीला पडली तर पेट्रोलचा फवारा उडतो, आणि हॉट रॉडमध्ये तापलेले हेडर, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या, जवळच असतात.

दुसरी नोंद पेट्रोलची. त्यात इथेनॉल मिसळलेलं असेल तर जुन्या पद्धतीचं रबर आतून मऊ पडतं आणि त्याचे कण फिल्टरमध्ये येऊन बसतात. म्हणून होज, म्हणजे लवचीक नळी, घेताना त्यावरचा छाप वाचा. एसएई या अमेरिकन संस्थेच्या जे३० मानकातली आर७ ही कार्ब्युरेटरसाठीची, कमी दाबाची होज. आर९ इंजेक्शनसाठी, १०० पीएसआयपर्यंतची. आर१४ मधून वाफ कमी झिरपते, त्यामुळे गॅरेजमध्ये वास कमी येतो. टाकीच्या आत बुडून राहणाऱ्या तुकड्यासाठी फक्त आर१० चालते, कारण बाकीच्या होजचं बाहेरचं रबर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवण्यासाठी केलेलंच नसतं. छापच नसलेली होज कितीही चांगली दिसली तरी घेऊ नका.

आता धातूची नळी. हॉट रॉडचं बॉनेट बऱ्याचदा काढलेलंच असतं, त्यामुळे ही नळी सगळ्यांना दिसते, आणि गाडीचं रूप खुलवण्यात तिचा मोठा वाटा असतो. तांबं चकचकीत दिसतं, वाकवायला सोपं जातं, पण ते वापरू नका. सततच्या थरथरीने तांबं कडक होत जातं आणि फ्लेअरच्या, म्हणजे जोडासाठी रुंदावलेल्या टोकाच्या, मुळाशी तडकतं. शिवाय त्याच्या संपर्कात पेट्रोल लवकर खराब होतं. ॲल्युमिनियम हलकं असतं, हाताने वाकतं, पण ते घासून झिजतं आणि थरथरीने थकतं. इंजेक्शनच्या दाबाला ते नको, मिथेनॉलला तर नकोच. तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नळी मात्र उत्तम: गंजत नाही, सहज वाकते, डबल फ्लेअर (कडा आत दुमडून दुहेरी केलेला) सुबक येतो. तिचा रंग जरा मंद असतो, म्हणून चेसिसखाली ती वापरावी आणि समोर दिसणाऱ्या भागात पॉलिश केलेलं स्टेनलेस. स्टेनलेस घेताना बिनजोडाची आणि मऊ केलेली नळी मागा, ३/८ इंच व्यासाला ०.०३५ इंच जाडीची. कडक स्टेनलेस वाकवताना चपटं होतं आणि फ्लेअर करताना फाटतं.

फ्लेअरच्या कोनाकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. साध्या मोटारीच्या फिटिंगचा फ्लेअर ४५ अंशांचा, एएन (आर्मी-नेव्ही, मूळ लष्करी मापाच्या) फिटिंगचा ३७ अंशांचा. काही मापांत दोन्हींचे आटे एकमेकांत बसतात, त्यामुळे जोड जुळला असं वाटतं, पण आत फक्त एक बारीक कडा टेकलेली असते. असा जोड कितीही आवळला तरी गळतोच, आणि जास्त आवळला की तडकतो. स्टेनलेसला ३७ अंशांचा सिंगल फ्लेअर, ट्यूब नट आणि नळीला आधार देणारी स्लीव्ह (छोटी बाही) अशी जोडणी करा. पितळी रिंग आवळून बसवायचे कॉम्प्रेशन जोड पेट्रोलच्या नळीवर कुठेही नकोत.

एएनचा आकडा म्हणजे इंचाचा सोळावा भाग: ६ नंबर म्हणजे ३/८ इंच, ८ नंबर म्हणजे १/२ इंच. रस्त्यावर चालणाऱ्या बहुतेक व्ही-८ गाड्यांना ६ नंबर पुरतो. पंपाच्या आधीची, म्हणजे ओढणारी नळी पुढच्या नळीपेक्षा कधीही बारीक ठेवू नका, नाहीतर पेट्रोल तिथेच वाफ होऊन पंप रिकामा फिरतो.

पोलादी जाळीची होज दिसायला रुबाबदार, पण आतलं अस्तर काय आहे ते विचारून घ्या. रबरी अस्तर काही वर्षांत कोरडं होऊन तडकतं, आणि वरची जाळी ती भेग झाकून ठेवते. पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराला इथेनॉल काही करत नाही आणि वासही येत नाही. ते घेताना तीन गोष्टी बघा: कार्बन मिसळलेलं, वीज वाहणारं अस्तर असावं, म्हणजे पेट्रोल वाहताना साठणारी स्थिर वीज निघून जाते, फिटिंग पीटीएफईसाठीचीच असावीत, कारण रबरी होजची फिटिंग तिला धरत नाहीत, आणि वळणं मोठी असावीत, कारण ही होज एकदा मुडपली की तो तुकडा टाकूनच द्यावा लागतो. शिवाय ही जाळी कानशीसारखी असते. ती जिथे टेकेल तिथला रंग, वायर, ॲल्युमिनियम सगळं कापत जाते.

मार्ग ठरवताना जाडसर वेल्डिंगच्या तारेने आधी नमुना वाकवून बघा. फोर्डने १९३२ साली टाकी मागे नेली. त्याआधीच्या मॉडेल ए मध्ये ती डॅशबोर्डपुढे होती आणि पेट्रोल उताराने कार्ब्युरेटरमध्ये यायचं. टाकी मागे असली की नळीला अख्खी चेसिस पार करावी लागते. तिला चेसिसच्या रेलला लगटून न्या, एक्झॉस्टच्या दुसऱ्या बाजूने. प्रॉपेलर शाफ्टच्या आणि फ्लायव्हीलच्या रेषेत ती नको, जॅक लावायच्या जागी नको, प्रवाशांच्या केबिनमधून तर नकोच. ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ शर्यतीच्या पट्टीवर, जायचं असेल तर एनएचआरए या अमेरिकन ड्रॅग शर्यत संस्थेचा नियम लक्षात ठेवा: फ्लायव्हीलजवळून जाणाऱ्या साध्या नळीवर किमान १/८ इंच जाडीची, १६ इंच लांब पोलादी नळी घालावी लागते. एक्झॉस्टजवळून जाणं टळतच नसेल तर मध्ये पत्र्याची ढाल लावा आणि नळीवर उष्णतारोधक स्लीव्ह चढवा.

दर ४५ सेंटिमीटरला रबर लावलेली पी-क्लिप, आणि प्रत्येक वळणाच्या दोन्ही बाजूंना एकेक. पत्र्यातून जाताना ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं) किंवा बल्कहेड फिटिंग (पत्र्यावर आवळून बसणारा जोड). इंजिन रबरी माउंटवर हलतं, चेसिस हलत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये थोडा सैल ठेवलेला होजचा तुकडा हवाच. सगळं धातूने जोडलं तर सुंदर दिसेल, पण फ्लेअर तुटेल. नळ्यांचं सौंदर्य वळणांच्या सारखेपणात असतं. इंजिनाकडे येणारी आणि उरलेलं पेट्रोल टाकीकडे परत नेणारी नळी एकाच बेंडरने, एकाच त्रिज्येत वाकवा, अंतर शेवटपर्यंत समान ठेवा. जोड जितके कमी तितकी गळतीची ठिकाणं कमी, आणि रेषाही तितकी स्वच्छ दिसते.

कापताना ट्यूब कटर वापरा, आतली बारीक धार काढा आणि फ्लेअर करायच्या आधी नट व स्लीव्ह नळीवर सरकवा. हे विसरलं की पूर्ण झालेला तुकडा पुन्हा कापावा लागतो. जाळीची होज कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळूनच कापा, नाहीतर तारा पिसाऱ्यासारख्या उलगडतात. प्रत्येक तुकडा बसवायच्या आधी आतून धुऊन हवेने फुंका. एएन फ्लेअरला टेप किंवा सीलंट लावू नका, तिथे धातूच धातूवर बसतो. निमुळत्या एनपीटी (अमेरिकन पाइप मापाच्या) आट्यांना मात्र पेट्रोलला टिकणारं लिक्विड सीलंट लावा. टेपचे तुकडे निघून कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये अडकतात. रबरी होज नुसत्या गुळगुळीत नळीवर चढवू नका. नळीच्या टोकाला फुगीर कडा काढा आणि क्लॅम्प तिच्या मागे बसवा. क्लॅम्प इंजेक्शनसाठीचे, गोल कडांचे. साधे खाचांचे पट्टे रबर कापतात.

विजेचा पंप टाकीजवळ आणि शक्यतो टाकीच्या तळापेक्षा खाली लावा, कारण तो ढकलायला चांगला, ओढायला वाईट. इंजेक्शन असेल तर त्याच्याआधी १०० मायक्रॉनचा फिल्टर, नंतर १० मायक्रॉनचा. धडक बसली की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच लावाच. काचेचे पारदर्शक फिल्टर इंजिनाजवळ नकोत. उडालेला एक खडा पुरतो. टाकीच्या व्हेंटला गाडी उलटली तर बंद होणारी व्हॉल्व्ह हवी.

पेट्रोल भरायच्या आधी नळ्या टाकीपासून आणि कार्ब्युरेटरपासून सोडवून, टोकं बंद करून हवेचा दाब द्या आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी लावा. मग नळ्या जोडून थोडंसं पेट्रोल भरा, इंजिन न फिरवता फक्त पंप चालवा आणि पांढऱ्या कागदाने एकेक जोड पुसून बघा. या वेळी बी वर्गाचं अग्निशामक हाताशी असू द्या, गॅरेजचं दार उघडं ठेवा आणि कुठेही ज्योत नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत दूरवर पसरते. इंजिन दोन-तीन वेळा पूर्ण तापून निवलं की सगळे जोड पुन्हा तपासा, दोन स्पॅनर लावून, म्हणजे नळी पिळली जाणार नाही. रबरी तुकड्यांवर बसवल्याची तारीख लिहा आणि दर वर्षी ते वाकवून बघा. एकावर भेग दिसली तर त्याच वयाचे बाकीचेही त्याच दिवशी बदला.