पेन्शनीत येऊन शेती करणार असाल तर आधी एक पावसाळा शिका

तोफखान्यात 24 वर्षं काढून मी हवालदार म्हणून पेन्शनीत आलो आणि माण तालुक्यातल्या घरच्या साडेतीन एकरांवर शेतीला लागलो. त्याला आता सात वर्षं झाली. आमच्या भागात फौजी नाही अशी वाडी सापडणं अवघड. त्यामुळे सुट्टीवर आलेला कुणी ना कुणी बांधावर येऊन विचारतोच, "मेजर, पुढच्या साली येतोय. शेतीच करावी म्हणतो. कुठनं सुरुवात करू?" गावाकडं हवालदारालाही मेजरच म्हणतात. त्या सगळ्यांना उभ्या उभ्या जे सांगतो ते इथं नीट लिहून काढतोय.

पहिली गोष्ट पैशाची. पेन्शनीत येताना ग्रॅच्युइटी, फंड आणि कम्युटेशन मिळून एकदम मोठी रक्कम हातात पडते. त्यातलं कम्युटेशन म्हणजे आपलीच पुढची पेन्शन आधी उचललेली असते आणि तो कापलेला हिस्सा 15 वर्षांनी परत सुरू होतो, हे विसरू नका. मी विसरलो होतो. घरी आल्यावर चार महिन्यांच्या आत दोन बोअर मारल्या आणि दीड एकर डाळिंब लावलं. एक बोअर कोरडी गेली. दुसरीचं पाणी मार्चमध्ये आटलं, मग टँकर. दुसऱ्या बहाराला बागेवर तेल्या आला. हा रोग जिवाणूंचा. ज्या कात्रीनं रोगट फांदी कापली तीच कात्री निर्जंतुक न करता पुढच्या झाडाला लावली की तो हातानं पसरतो. मी तेच केलं होतं, ओळीनं सगळ्या बागेला. कुणी शिकवलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. 4 लाख 80 हजार रुपये गेले. म्हणून सांगतो, पहिल्या वर्षी बँकेतल्या पैशाला हात लावू नका. एक अख्खा पावसाळा दुसऱ्याच्या रानात राबून काढा, नाहीतर आपल्याच रानात घरच्यांच्या हाताखाली.

शिकायची सोय फौजेतच आहे. नोकरीच्या शेवटच्या वर्षात पुनर्वसन महासंचालनालयाचे कोर्स मिळतात. त्यांचं दक्षिण विभागाचं कार्यालय पुण्यात खडकीला आहे. मी त्या वेळी कॉम्प्युटरचा कोर्स घेतला, कारण रेजिमेंटमधले सगळे तोच घेत होते. शेतीकडं जायचं ठरलं असेल तर शेती, फळबाग, दुग्धव्यवसाय यांतलं काही मिळतंय का ते युनिटच्या क्लार्ककडं वर्षभर आधीच विचारून ठेवा. ती संधी हुकली तरी जिल्ह्याचं कृषी विज्ञान केंद्र आहेच. साताऱ्यात बोरगाव आणि कराडजवळ कालवडे अशी दोन केंद्रं आहेत. मी डाळिंब काढून टाकल्यावर तिकडं वळलो. पहिल्या दिवशी बाकावर बसताना जड गेलं. समोर शिकवणारी मुलगी माझ्या पोरीच्या वयाची होती. तिनं मातीचा नमुना कसा घ्यायचा ते दाखवलं आणि माझं मन लागलं, कारण ते आपल्या ड्रिलसारखंच असतं. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणं घ्यायची. प्रत्येक ठिकाणी वरचा पालापाचोळा बाजूला करून इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा काढायचा आणि त्याच्या कडेची माती वरून खालपर्यंत सारखी खरवडायची. सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरली की पिशवी बांधायची. माझ्या रानाचा सेंद्रिय कर्ब 0.3 टक्के निघाला. 0.5 च्या खाली म्हणजे कमी. त्या एका आकड्यानं मला कळलं की डाळिंबाच्या आधी मला माती उभी करायला हवी होती.

त्याच प्रशिक्षणात आम्हाला राळेगणसिद्धीला नेलं होतं. फौजेत ड्रायव्हर असलेले आणि 1975 मध्ये गावी परतलेले अण्णा हजारे यांच्या पुढाकारानं तिथं पाणलोटाची कामं झाली, हे ऐकून होतो. प्रत्यक्ष बघितल्यावर डोक्यात बसला तो कामाचा क्रम: आधी माथा, मग उतार, मग ओढा. खाली बंधारा बांधून वरून वाहून येणारी माती थांबत नाही.

घरी आल्यावर वरच्या एकरात समतल चर काढायला घेतले. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेच्या प्रशिक्षणाला जाऊन आलेल्या गावातल्या पोरांकडून ए-फ्रेम मागून आणली. दोन काठ्या, मध्ये आडवी पट्टी, वरून दोरीला बांधलेला दगड. दोरी पट्टीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. तिथं फक्की टाकायची आणि फ्रेम फिरवून पुढं जायचं. मी नोकरीत नकाशावरच्या समोच्च रेषा वाचण्यात आयुष्य घातलेलं, त्यामुळे काम भराभर झालं आणि रेषा सुरेख आल्या. चराच्या खालच्या अंगाला ताल, म्हणजे मातीचा बांध, घातली. आमची मंडळी जेवण घेऊन आली, सगळी ताल चालून बघितली आणि म्हणाली, "अहो, त्या बाभळीपाशी सांडवा ठेवा. थोरल्या आबांनी तिथंच ठेवला होता." सांडवा म्हणजे जास्तीचं पाणी काढून द्यायची वाट. मी म्हणालो, पातळी बरोबर आहे, पाणी सगळीकडं सारखंच उभं राहील. ती काही बोलली नाही. भांडी घेऊन गेली.

मृगाचा पहिला पाऊस साधा झाला. आठ दिवसांनी रात्री दोन तास ओतला. सकाळी गेलो तर ताल बरोबर त्या बाभळीपाशी फुटली होती. खालच्या पट्टीतली नुकती उगवलेली बाजरी आणि तिच्यासोबत चार बोटं माती ओढ्यात गेली होती. वरून किती पाणी येतं हे मला नकाशावरून कळणार नव्हतं. मी बारामुल्ल्याला आणि जैसलमेरला होतो तेव्हा 24 पावसाळे तिनं ते पाणी येताना बघितलं होतं. त्याच दिवशी आम्ही दोघांनी मिळून बाभळीपाशी दगडाचा सांडवा रचला. दगड कुठला खाली आणि कुठला वर हे ती सांगत होती. तो अजून हललेला नाही.

हे लांबवून लिहिलं, कारण पेन्शनीत आलेल्या फौजीची शेती बहुतेक वेळा इथंच अडते. आपण घरी येतो ते हुकूम द्यायची सवय घेऊन. पण आपण नसताना रान बायकोनं, भावानं, म्हाताऱ्यानं सांभाळलेलं असतं. पहिल्या वर्षी त्यांच्याकडून शिकायचं. पहाटे उठणं, औजार साफ करून जागेवर ठेवणं, रोजची नोंद वही, हे फौजेतलं सगळं उपयोगी पडतं. माझी वही अजून चालू आहे: पाऊस, मजुरी, विक्री.

पिकांचं थोडक्यात. माझ्याकडं खरिपात बाजरी, तिच्यात तुरीच्या ओळी, कडेला मटकी आणि हुलगा. रब्बीला शाळू. पाणी असेल तेवढाच कांदा, अर्ध्या एकराच्या पुढं नाही. आठ शेळ्या आणि एक खिल्लार गाय. गाईच्या जिवावर जीवामृत होतं: 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 10 लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवून रोज ढवळायचं, एका एकराला देऊन टाकायचं. त्यानं एका वर्षात चमत्कार होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. माझा कर्ब वाढला तो मुख्यतः शेणखतानं, धसकटं न जाळता रानातच कुजवल्यानं आणि माती वाहून जायची थांबल्यानं. तूर बाजारात नेत नाही, डाळ करून विकतो. क्विंटलमागं साधारण 70 किलो डाळ पडते आणि गिऱ्हाईक म्हणजे साताऱ्या-पुण्यातले जुने साथीदार. गेल्या साली सगळा खर्च वजा जाता 1 लाख 40 हजार राहिले. घर पेन्शनीवर चालतं म्हणूनच एवढ्या जमिनीवर हे जमतं, हेही स्पष्ट सांगतो.

कागदांचं काम मात्र नोकरीत असतानाच सुट्टीत उरका. अनेकांचा सातबारा अजून आज्याच्या नावावर असतो. वारस नोंद आणि खातेफोड झाली नसेल तर योजना मिळताना अडतं. शेतकरी ओळख क्रमांक काढून घ्या. ठिबकला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज करा. अल्पभूधारकाला 80 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं, पण पूर्वसंमती येण्याआधी पाइप खरेदी केले तर अनुदान बुडतं. आणि पीएम-किसानचे वर्षाचे 6 हजार घेऊ नका. महिना 10 हजार किंवा त्याहून जास्त पेन्शन असलेला त्यात बसत नाही. न कळता घेतलेले पैसे परत भरावे लागलेले दोघंजण माझ्या ओळखीत आहेत.

2022 पासून भरती झालेल्या अग्निवीरांबद्दल मला जास्त काळजी वाटते. त्यातली बरीच पोरं चार वर्षांनी घरी येणार, हातात सेवा निधीचे साधारण 11 लाख 70 हजार आणि पाठीशी पेन्शन नाही. माझं डाळिंब बुडालं तरी पहिल्या तारखेला पेन्शन जमा होत होती. त्यांचं तसं नाही. अशा पोरानं तो निधी सुरक्षित ठेवीत ठेवावा आणि दोन वर्षं शेळ्या, दूध किंवा रोपवाटिका असं लवकर पैसा फिरणारं काहीतरी कुणाच्या तरी हाताखाली करावं. आमच्या वाडीतला एक जण पुढच्या जूनपासून माझ्याकडं येणार आहे. त्याला सांगितलंय, येताना फावडं आण आणि मृगाच्या आधी ये. वरच्या चरातला गाळ काढायचाय, सांडव्याचे दोन दगड बदलायचेत, आणि दगड कुठले ते काकू दाखवतील.