दिवाळीत क्रूझला निघताय? नाशिककरांनो, या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून गोव्याची नाहीतर लक्षद्वीपची क्रूझ करायची, असा बेत नाशिकमध्येही आता बऱ्याच घरांत ठरतो. सुट्टी सोयीची असते, पण अरबी समुद्रात ऑक्टोबर-नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा दुसरा हंगाम. पहिला पावसाळ्याच्या तोंडावर, मे-जूनमध्ये. मोठी बोट शक्यतो वादळाला वळसा घालून जाते, त्यामुळे धास्ती घ्यायचं कारण नाही. त्रास होतो तो हेलकाव्यांचा. त्यातला निम्मा आपण घरून निघण्याआधीच ओढवून घेतलेला असतो.

पहिली चूक म्हणजे आभाळ बघून निर्धास्त होणं. नाशिकच्या कॉलेज रोडवर लख्ख ऊन आहे, मग समुद्रही शांतच असणार, असं नसतं. 2019 च्या दिवाळीत ‘क्यार’ हे महाचक्रीवादळ भारतीय किनाऱ्याला न धडकता ओमानच्या दिशेने निघून गेलं, तरी इकडचा समुद्र खवळला होता. वादळाने उठवलेल्या लाटा वारा पडल्यावरही शेकडो किलोमीटर येत राहतात. म्हणून हवामान विभागाचे इशारे आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेचा लाटांच्या उंचीचा अंदाज रोज बघत चला. दोन्ही फुकट मिळतात. लाटा तीन-चार मीटरच्या वर दिसल्या, की पोटाची तयारी करूनच निघायचं.

‘गंगापूर धरणात बोटिंग केलंय, मला काही होत नाही’ म्हणणारे एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतात. धरणातल्या पाण्यावरून समुद्राचा अंदाज बांधू नये. त्यापेक्षा कसारा घाटात गाडी लागते का, ते विचारा. ज्याला घाटात मळमळतं, त्याला बोट लागण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो मळमळीवरच्या गोळीचा. उलट्या सुरू झाल्यावर गोळी घेतली तर ती पोटात टिकतच नाही. ॲव्होमीनसारखी गोळी समुद्र खवळण्याआधी तास-दोन तास पोटात गेलेली हवी. रात्रीतून हवा बिघडणार असेल तर झोपतानाच घ्यावी. हिने झोप येते, म्हणून वर दारू नको. लहान मुलं, गरोदर बायका, काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेले, यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. पोट रिकामं ठेवणं हीदेखील चूकच. कोरडी पोळी, बिस्किटं थोडी थोडी खावीत, पाणी घोट घोट प्यावं. खिशात आलेपाकाच्या वड्या असू द्याव्यात. सकाळी तर्रीदार मिसळ हाणून बोटीत चढणाऱ्याबद्दल मात्र मला फारशी सहानुभूती नाही.

केबिन घेताना लोक वरच्या मजल्यावरची, पुढच्या टोकाची, बाल्कनीवाली घेतात. पैसे जास्त आणि हेलकावेही जास्त. बोटीच्या मध्यावरची, खालच्या मजल्यावरची केबिन सगळ्यात कमी हलते. मळमळायला लागलं की मोबाइल खाली ठेवा. डेक उघडा असेल तर बाहेर येऊन क्षितिजाकडे बघा, बंद केला असेल तर डोळे मिटून उताणं पडून राहा.

माणसं बऱ्याचदा केबिनमध्येच पडतात. बाथरूमच्या उंच उंबऱ्याला पाय अडतो, आणि तोल जाताना हात नेमका दाराच्या चौकटीवर जातो. तेवढ्यात बोट कलते, जड दार बोटांवर आदळतं. आधार कठड्याचाच घ्यावा. काचेचे ग्लास, तेलाच्या बाटल्या संध्याकाळीच बॅगेत.

बोट सुटण्याच्या सुमारास होणारी सुरक्षेची कवायत सेल्फीत घालवू नका. भोंग्याचे सात छोटे आणि एक लांब आवाज आले की कुठे जमायचं, हे तेव्हाच कळतं.

आणि परतीचं तिकीट! वादळामुळे मार्ग बदलायचा, बंदर गाळायचं, उशिरा परतायचं, हा अधिकार कप्तानाचा असतो. त्याचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत, तिकिटाच्या अटी वाचून घ्या. बोट सकाळी मुंबईला लागणार म्हणून त्याच संध्याकाळच्या ‘पंचवटी’ एक्सप्रेसचं आरक्षण करून ठेवलं, तर बोट लांबल्यावर तेही वाया जातं. मुक्कामाला एक रात्र हातात ठेवा, नाहीतर सरळ कसाऱ्यामार्गे टॅक्सी करा.