कुटुंबासोबत लांबलचक लेओव्हर? या चुका टाळा

दोन विमानांच्या मध्ये नऊ तास होते. मुलं तेव्हा चार आणि सात वर्षांची, सोबत सासूबाई. उतरल्या उतरल्या आम्ही टर्मिनल बघायला निघालो. सरकते पट्टे, दुकानं, काचेपलीकडची विमानं. मुलं खूश, म्हणून आम्हीही खूश. सहाव्या तासाला धाकटीची किरकिर सुरू झाली. आठव्या तासाला दोन्ही मुलं खुर्च्यांवर गाढ झोपली, आणि तेवढ्यात पडद्यावर गेट बदलल्याचं दिसलं. एक मूल नवऱ्याच्या खांद्यावर, एक माझ्या कडेवर, चार बॅगा, आणि दुखरे गुडघे सांभाळत मागून येणाऱ्या सासूबाई. टर्मिनलच्या दुसऱ्या टोकापर्यंतची ती वाट मी अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून आमच्या घरी क्रम ठरला आहे: आधी झोप, मग फिरणं. कुटुंबासोबतच्या लेओव्हरमधल्या बहुतेक अडचणी हा क्रम उलटा झाल्यामुळे येतात, असं माझं पक्कं मत आहे.

तिकिटावरचे तास खरे धरणं

तिकिटावर आठ तास दिसतात ते एक विमान उतरण्यापासून दुसरं सुटण्यापर्यंतचे. विमानातून बाहेर येणं, पुन्हा सिक्युरिटी, गरज असेल तर टर्मिनल बदलणं, यात तासभर जातो. बोर्डिंग साधारण पाऊण ते एक तास आधी सुरू होतं आणि गेट सुटण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद होतं. म्हणजे विमानतळावरच थांबलात तर आठातले सहाच तास तुमचे. शहरात जायचं असेल तर दोन्ही वेळच्या इमिग्रेशनच्या रांगा, जाण्यायेण्याचा वेळ आणि तीन तास आधी परतणं धरा. हातात जेमतेम तीन तास उरतात. लहान मुलं आणि वडीलधारी सोबत असताना सहा-सात तासांपेक्षा कमी वेळ असेल तर मी बाहेर पडायचा विचारही करत नाही.

तारीख नीट वाचा. 15 तारखेचं 00:40 चं विमान म्हणजे 14 च्या रात्रीच विमानतळावर असायला हवं. यात भलेभले चुकतात. वेळही नेहमी त्या त्या ठिकाणची छापलेली असते, त्यामुळे हातातलं घड्याळ उतरताक्षणी बदला.

बाहेर जाता येईलच असं गृहीत धरणं

ट्रान्झिटमध्ये थांबण्याचे नियम वेगळे आणि देशात शिरण्याचे वेगळे. अमेरिकेत तर नुसतं विमान बदलायचं असलं तरी इमिग्रेशनमधून जावं लागतं. व्हिसामाफी नसलेल्या पासपोर्टवर त्यासाठी व्हिसा हवाच, आणि सामानही सहसा पहिल्याच विमानतळावर उचलून पुन्हा द्यावं लागतं. हे तिकीट काढण्याआधी बघायचं असतं. घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट एकाच देशाचा नसेल तर प्रत्येकाचं वेगळं बघा.

काही ठिकाणी बाहेर जाण्याची छान सोय असते. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर साडेपाच ते चोवीस तासांचा लेओव्हर असणाऱ्यांसाठी शहराची मोफत सहल असते. इस्तंबूलला टर्किश एअरलाइन्स आपल्या आंतरराष्ट्रीय ट्रान्झिट प्रवाशांना सहा ते चोवीस तासांच्या थांब्यात शहर फिरवून आणते. पण सहल मोफत असली तरी देशात शिरण्याच्या अटी लागू राहतात. चांगीचीच आणखी एक गोष्ट: ज्याचे फोटो सगळे बघतात तो विमानतळाला जोडलेल्या ज्युएल मॉलमधला 40 मीटर उंचीचा धबधबा इमिग्रेशनच्या बाहेर आहे. मुलांना आधीच कबूल करून ठेवाल आणि आत शोधत बसाल, म्हणून सांगते.

बाहेर पडा किंवा नका पडू, पहिल्या चेक-इनला सामानाच्या टॅगवरची तीन अक्षरं बघा. ती शेवटच्या विमानतळाची असायला हवीत. दोन विमानांची तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर सामान बऱ्याचदा मधेच उचलावं लागतं. पहिलं विमान उशिरा पोचून दुसरं चुकलं, तर दुसऱ्या कंपनीवर जबाबदारी नसते. तिकीट स्वस्त मिळतंय म्हणून मुलांसोबत हा धोका पत्करू नका.

झोप शेवटी ठेवणं

मुलांच्या शरीराला बाहेरचा उजेड लगेच फसवत नाही. निघालेल्या गावी रात्रीचे दोन वाजले असतील तर त्यांच्यासाठी रात्रीचेच दोन असतात, मग काचेबाहेर कितीही लख्ख ऊन असो. म्हणून उतरल्यावर पहिला प्रश्न ‘इथे काय बघायचं?’ हा नको, ‘आत्ता घरी किती वाजलेत?’ हा हवा. झोपेची वेळ असेल तर तोंड धुवा, कपडे बदला, नेहमीची गोष्ट सांगा आणि झोपवा.

जागा शोधताना खाण्याच्या दुकानांपासून आणि चालू असलेल्या गेटांपासून लांब जा. हात नसलेल्या सलग खुर्च्या किंवा गालिचा असलेला कोपरा बघा. विमानतळ रात्री किती गार पडतात याची कल्पना तिथे झोपल्याशिवाय येत नाही, आणि नेमके स्वेटर चेक-इनच्या बॅगेत गेलेले असतात. प्रत्येकासाठी एक गरम कपडा, पायमोजे आणि पांघरता येईल अशी मोठी ओढणी केबिन बॅगेत हवीच. ओढणी खाली अंथरता येते आणि दिव्यांचा उजेड अडवायला खुर्चीवर आडवीही बांधता येते.

सहा तासांपेक्षा जास्त वेळ असेल आणि परवडत असेल तर ट्रान्झिट हॉटेलची खोली तासांच्या हिशेबाने घ्या. फक्त ते इमिग्रेशनच्या आत आहे की बाहेर, हे बुक करण्याआधी विचारा. लाउंजवर भिस्त ठेवत असाल तर एक लक्षात घ्या: बऱ्याच लाउंजमध्ये दोन-तीन तासच बसू देतात, काही ठिकाणी विमानाच्या तीन तास आधीच आत सोडतात. मोठ्यांनी पाळीपाळीने झोपायचं, आणि गजर दोन फोनवर लावायचा.

केबिन बॅग विचार न करता भरणं

औषधं, चष्मा, प्रत्येकी एक कपड्यांचा जोड वर हवा. रिकामी बाटली न्या, सिक्युरिटीनंतर भरून घ्या. 100 मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटल्यांचा नियम मधल्या विमानतळावर पुन्हा आडवा येऊ शकतो, म्हणून ड्युटी फ्रीची सीलबंद पिशवी शेवटच्या मुक्कामापर्यंत फोडू नका. तान्ह्या बाळाच्या दुधाला सहसा सवलत असते, पण ते बॅगेतून काढून वेगळं दाखवावं लागतं. पॉवर बँक केबिनमध्येच ठेवायची. 100 वॉट-तास, म्हणजे साधारण 27,000 एमएएचपर्यंत सहसा वेगळी परवानगी लागत नाही. आता काही कंपन्या ती विमानात वापरू देत नाहीत, तेव्हा सगळे फोन जमिनीवरच पूर्ण चार्ज करून घ्या. बाबागाडी विमानाच्या दाराशी दिली असेल तर ती मधे परत मिळणार की थेट शेवटी, हे देतानाच विचारा.

आजी-आजोबांची व्हीलचेअर

ती निदान दोन दिवस आधी सांगून ठेवा. लांब थांब्यात कर्मचारी त्यांना एका ठरावीक जागी बसवून जातात आणि गेटसाठी नंतर कोणीतरी येतं. ते ‘कोणीतरी’ किती वाजता आणि कुठे येणार, हे तोंडी पक्कं करा आणि मदतकक्ष कुठे आहे ते बघून ठेवा. मधे टॉयलेटला जायचं असेल तर काय, हेही तेव्हाच विचारा. आपली माणसं संकोचाने तहान मारून बसतात. सासूबाईंनी तेच केलं होतं.

घोषणेची वाट बघणं

कित्येक विमानतळांवर आता प्रत्येक विमानाची घोषणा होत नाही. पडदा आणि कंपनीचं अ‍ॅप दर अर्ध्या तासाने बघा. बोर्डिंगच्या दीड तास आधी सगळ्यांना उठवा, टॉयलेट उरकून घ्या आणि पासपोर्ट एकाच माणसाने मोजा.

आणि पहिलंच विमान लेट झालं तर? एकाने ट्रान्सफर डेस्कच्या रांगेत उभं राहायचं, दुसऱ्याने त्याच वेळी अ‍ॅपवर किंवा फोनवर पर्याय बघायचे. एकाच बुकिंगवर प्रवास असेल तर पुढचं विमान देणं कंपनीचं काम आहे. जेवण-हॉटेलची सोय मिळेल का, तेही तिथेच स्पष्ट विचारा. आजी-आजोबांचं तिकीट वेगळ्या वेळी काढलं असेल तर त्यांचा पीएनआर वेगळा असतो आणि तुम्ही एकत्र आहात हे संगणकाला कळत नाही. अशा वेळी तुम्हाला सकाळचं विमान आणि त्यांना रात्रीचं, असं होऊ शकतं. दोन्ही पीएनआर एका कागदावर लिहून काउंटरवर ठेवा आणि ‘आम्ही पाचजण एकत्र आहोत’ हे नवी तिकिटं निघण्याआधी सांगा.