वाटी कुठे गेली? आठ महिन्यांच्या बाळाशी खेळ

बाळाचं पोट भरलेलं आणि झोप झालेली असावी. गिरगावच्या चाळीत गॅलरीतून जाणारा प्रत्येक जण बाळाला हाक मारतो. दहा मिनिटं दार लोटा, टीव्ही बंद करा.

वाटी त्याच्या हाताच्या टप्प्यात ठेवून पंचाने अर्धी झाका. ती काढली की पुढच्या वेळी पूर्ण झाका. आठव्या महिन्याच्या आसपास बाळ पंचा ओढून शोधतं. त्याआधी नाही शोधलं तर काळजी नको.

मग दोन पंचे घ्या. वाटी दोन-तीनदा डावीकडे लपवा, नंतर त्याच्यादेखत उजवीकडे. बरीच बाळं तरीही डावीकडेच शोधतात! स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी नोंदवलेली ही चूक वर्षाच्या सुमारास ओसरते. लपवून थांबलात तर ती वाढते, म्हणून लगेच शोधू द्या. बाळाने तोंड फिरवलं की खेळ पुरे. नाणी, बटणं नकोतच, घशात अडकतात.